संन्याशाला सुळावरून उतरवणाऱ्यांचा सत्कार करा

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्रातले सर्व जिल्हा व तालुका वकील संघ

विषय : निरपराधांना शिक्षेतून सोडवणाऱ्यांचा सत्कार करणे आणि 'वकीलपत्र घेणार नाही' असे ठराव मागे घेणेबाबत.

महोदय, महोदया,

मी वकील नाही. जिल्हा न्यायालयात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ अभिलेख कक्षात. म्हणजे जिथे निकाली निघालेल्या खटल्यांचे गठ्ठे असतात, झुरळं असतात आणि एक पंखा असतो जो लावला की कागद उडतात, म्हणून कुणी लावत नाही. नकलेचा अर्ज घेऊन आलेल्या ज्युनियरला आम्ही लोक 'उद्या या' म्हणतो, हे तुम्हाला माहीत आहे. मीही म्हटलेलं आहे. तेव्हा हे पत्र कुणा साधुपुरुषाचं नाही, एवढं समजून वाचा.

आपल्या भाषेत 'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी म्हण आहे. शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवायला सोपी, आणि तिन्हीत्रिकाळ खरी ठरणारी. पण संन्याशाला त्या सुळावरून उतरवून आणणाऱ्याला आपल्याकडे नाव नाही. म्हण नाही, पदवी नाही, शाल नाही. तुमच्या बार रूममध्ये मी शंभर सत्कार तरी पाहिले असतील. नवे न्यायाधीश आले म्हणून, जुने बदलून गेले म्हणून, कुणाची नोटरी झाली, कुणाचा मुलगा परीक्षा पास झाला, वकिलांच्या क्रिकेट संघाने चषक आणला म्हणून. हे सगळे सत्कार व्हावेत, माझी तक्रार नाही. पेढे मीही खाल्लेत. पण खोट्या शिक्षेत सडणाऱ्या माणसाला सोडवून आणलं म्हणून कुणाच्या हातात नारळ दिलेला मी ३१ वर्षांत एकदाही पाहिला नाही.

एक प्रसंग सांगतो. गाव, संघ, माणसं, कुणाचंच नाव घेणार नाही.

तिशीच्या आतबाहेरची एक वकील मुलगी माझ्याकडे नकलांसाठी यायला लागली. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला एक जेल अपील, म्हणजे कैद्याने तुरुंगातून केलेलं अपील, मिळालं होतं. जन्मठेप, आरोपी सात वर्षं आत. पेपरबुकात, म्हणजे अपिलासाठी छापलेल्या खटल्याच्या कागदांच्या संचात, एक पंचनामा इतका अंधुक छापला होता की वाचताच येईना, म्हणून तिला मूळ कागद बघायचा होता. पहिल्या दिवशी मी 'उद्या या' म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली आणि जमिनीवर सतरंजीचा तुकडा टाकून बसली. मग मलाच लाज वाटली आणि मी घोड्यावर चढलो. घोडा म्हणजे आमची शिडी.

गठ्ठा सोडला. हत्यार जप्तीचा पंचनामा, निशाणी पडलेली, दुपारी सव्वाबारा ते एक, अमुक गावच्या ओढ्याकाठी. पंचाची सही वळणदार, शेवटी खाली ओढलेली शेपटी. सही बघून मी थांबलो, कारण ही शेपटी मी आधी पाहिली होती. पोलीस ठाण्यासमोर टपरी चालवणारा माणूस. तो किती पंचनाम्यांवर असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. मी सहज म्हणून बोललो, आणि मुलगी उठून उभी राहिली. पुढचे नऊ दिवस आम्ही दोघांनी त्या महिन्यातले त्या ठाण्याचे सगळे गठ्ठे खाली काढले. नवव्या दिवशी सापडलं. तोच पंच, तीच तारीख, दुपारी बारा ते पाऊण, जुगाराच्या धाडीचा पंचनामा, पहिल्या ठिकाणापासून ४० किलोमीटरवर.

खालच्या न्यायालयात त्या पंचाची उलटतपासणी झाली होती. मी वाचली. जेमतेम दोन ओळी. 'हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.' संपलं. असं का, तर अटक झाली त्याच आठवड्यात तिथल्या वकील संघाने ठराव केला होता की या आरोपीचं वकीलपत्र कुणीही घेणार नाही. गुन्हा भयंकर होता, गाव पेटलं होतं, मोर्चा निघाला होता. शेवटी न्यायालयाने एकाला नेमलं. त्याला कागद मिळाले आणि लगेच साक्षी सुरू झाल्या. त्याचीही मान खाली, कारण बार रूममध्ये त्याच्याशी कुणी चहा पीत नव्हतं.

अपिलात माणूस सुटला. त्याची आई अभिलेख कक्षात आली, पिशवीत भुईमुगाच्या ओल्या शेंगा. 'बाई कुठं बसतात?' मी बार रूमकडे बोट दाखवलं. तिथे क्रिकेटवाल्यांचा सत्कार चालू होता. म्हातारी दारात चप्पल काढून उभी राहिली. कुणीतरी तिला सांगितलं, 'तारखेचं नंतर विचारा.' तासभर ती व्हरांड्यात बसली. त्या तासात आत सहा शाली वाटल्या गेल्या.

ठरावाच्या रजिस्टरमध्ये वकीलपत्र न घेण्याचा तो ठराव आहे. माणूस निर्दोष सुटल्याची नोंद त्यात कुठेही नाही.

आता हे एका तालुक्याचं गाऱ्हाणं म्हणून बाजूला सारू नका. नाशिकचं प्रकरण तुम्हा सगळ्यांना माहीत असेल, किंवा असायला हवं. जून २००३ मध्ये नाशिकजवळ मळ्यातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. आई आणि मुलगा तेवढे वाचले. सहा जणांना पकडलं. भटक्या जमातीचे, मजुरी करून खाणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. तीन न्यायालयं, आणि सगळीकडे दोषी. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशी सुनावल्यावर काही वर्षांनी ठरलं.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना निर्दोष सोडलं. आपलाच निकाल आधी मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकली. तेव्हा काय निघालं? वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत, विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ही चार माणसं वेगळीच. शिक्षा झालेल्या सहांपैकी त्यात कुणी नव्हतं. त्या चौघांवर खटलाच चालला नाही. हा कागद २००३ सालचा आहे. ज्याने आयुष्यभर गठ्ठे बांधले आणि सोडले, त्याला हे वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करा. १६ वर्षं तो कागद होता आणि माणसं तुरुंगात होती.

न्यायालयाने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला सांगितलं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आणि त्या चौघांचा तपास करायला सांगितलं. निकालात असंही नोंदवलं की आरोपी भटक्या जमातीचे आणि अतिशय गरीब असल्याने त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य न्यायालयाचं आहे म्हणून इथे लिहितोय. पारध्याच्या किंवा वडाराच्या पालावर चहा प्यायलेल्या कुणालाही ते नवं नाही.

पण हा निकाल काही आभाळातून पडला नाही. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून सांगितलं होतं की चुकीच्या पायंड्यावर विसंबून १३ जणांना फाशी झाली आहे, ती जन्मठेपेवर आणावी. त्यात या खटल्याचाही उल्लेख होता. सही करणाऱ्यांत पी. बी. सावंत होते, होस्बेट सुरेश होते, बी. जी. कोळसे-पाटील होते. त्यानंतर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका दालनात नुसती फिरवून निकाली काढायची नाही, खुल्या न्यायालयात वकिलाचं ऐकून घ्यायचं. ही फट कुणीतरी भांडून पाडली, म्हणून नाशिकच्या सहा जणांना बाहेर पडायला वाट झाली. निकालाच्या बातम्या आल्या त्या दिवशी मी सगळी वर्तमानपत्रं चाळली. सुटलेल्यांची नावं होती. ज्यांनी ते कागद पुन्हा उघडायला लावले, त्यांच्याबद्दल असलीच तर एखादी ओळ.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आरोपीच्या वकिलाचा सत्कार केला तर मेलेल्यांच्या नातेवाइकांना काय तोंड दाखवायचं? प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. नाशिकच्याच त्या आईचं बघा. तिने दोन दिवसांत चार माणसं दाखवली. तिचं कुणी ऐकलं नाही. तिच्या घरच्यांना मारणारे कोण, याचा शोध घ्यायचा आदेश निघाला तो १६ वर्षांनी, आणि तोही सहा निरपराध माणसं सुटली म्हणून. ज्यांनी त्या सहांना सोडवलं, त्यांनी तिचा दोन दिवसांत दिलेला जबाबही सोडवला. साप म्हणून भुई धोपटली की साप बिळात सुखरूप राहतो, हे खेड्यातल्या पोरालाही कळतं.

दुसरा आक्षेप मला जास्त ऐकायला मिळतो. 'काका, काही गुन्हे असे असतात की वकीलपत्र घेणंच पाप.' बरं. मग २६/११ चा खटला घ्या. एवढा भयंकर गुन्हा मुंबईने क्वचितच पाहिला असेल. त्या खटल्यात बचावाला उभं राहायचं नाही अशी भूमिका वकिलांच्या काही संघटनांनीही घेतली होती. न्यायालयाने नेमलं म्हणून एका वकील बाईंच्या वरळीच्या घरावर जमाव चालून गेला. पण कसाबच्या शेजारी त्याच पिंजऱ्यात दोन भारतीय माणसंही उभी होती. आरोप असा की हल्ल्याच्या जागांचे नकाशे त्यांनी पुरवले. पुरावा काय, तर ठार झालेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडलेला हाताने काढलेला नकाशा. पँट रक्ताने भिजलेली. नकाशावर रक्ताचा डाग नाही, चुरगळल्याची खूण नाही. त्यांच्यातल्या एकाचे वकील होते शाहिद आझमी. तरुणपणी स्वतः तिहारमध्ये काही वर्षं काढून, सुटल्यावर वकील झालेला हा तिशीतला माणूस. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या. ३ मे रोजी, म्हणजे तीन महिनेही झाले नव्हते, विशेष न्यायालयाने त्या दोघांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने तेच केलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. ज्या खटल्यात कसाबची फाशी कायम झाली त्याच निकालात.

आता मला सांगा, त्या खटल्याचं वकीलपत्र कुणीच घ्यायचं नाही असं सगळ्यांनी पाळलं असतं, तर त्या कोऱ्या करकरीत नकाशाबद्दल कोण बोललं असतं?

(जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या १२ जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना खाली फाशी झाली होती. मात्र त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्या निकालाचा आधार दुसऱ्या खटल्यांत घ्यायला तिथे स्थगिती मिळाली. म्हणून त्याच्या बाजूने-विरुद्ध इथे बोलत नाही. कारकुनाची सवय. प्रलंबित म्हणजे प्रलंबित.)

ठरावांविषयी कायदा काय म्हणतो, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे काशीत जाऊन गंगा दाखवणं. तरी नोंदीसाठी लिहितो. ६ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकील संघांचे असे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले आहेत. ते प्रकरण कोइमतूरचं होतं आणि गंमत अशी की तिथे वकील संघाने ज्यांचा बचाव करायचा नाही असं ठरवलं होतं ते पोलीस होते. म्हणजे ही कुऱ्हाड कुणाच्याही पायावर पडू शकते. त्यानंतरही ठराव होतच राहिले. मी स्वतः त्यातले दोन बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, आवक करून घेतलेत.

आणि नुसता वकील उभा राहिला म्हणजे झालं, असंही नाही. मध्य प्रदेशातल्या खंडव्याचा एक खटला. न्यायालयाने वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला परत पाठवला. निकाल लिहिणारे आपले उदय लळीत. फाशी-जन्मठेपेच्या खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस द्या आणि किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच नेमा, असं त्यांनी सांगितलं. सात दिवस! आमच्याकडे नक्कल मिळायलाच त्याहून जास्त लागतात. खंडव्याचा तो माणूस पुढे फेरसुनावणीत सुटला.

सुटल्यावर हातात काय पडतं, हेही बघा. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्याने आयुष्य गेलेल्या माणसाला भरपाई मिळायचा कायदेशीर हक्क असावा, त्यासाठी विशेष न्यायालयं असावीत. तो कायदा झाला नाही. विनाकारण अटक करवली तर भरपाई देण्याचं एक कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, कमाल १,००० रुपये. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कलम आहे आणि रक्कमही तीच आहे. एक हजारात हल्ली मुंबईच्या तारखेचं जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण निघत नाही. नाशिकसारखे ५ लाख मिळाले ते न्यायालयाने आपल्या अधिकारात दिले म्हणून. बाकीच्यांना कारागृहाच्या दारात कपड्यांची पिशवी मिळते.

तेव्हा माझी मागणी. २ ऑक्टोबर हा दिवस काही देशांत २०१४ पासून चुकीच्या शिक्षेत अडकलेल्यांचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे गांधी जयंती, न्यायालयाला सुट्टी, बार रूम रिकामी. वकिलाचा कोट घालून आयुष्य सुरू केलेल्या माणसाचा वाढदिवस आहे, त्यामुळे फोटो आणायचा खर्चही नाही. त्या दिवशी प्रत्येक संघाने आपल्या जिल्ह्यात अपिलात, पुनर्विलोकनात, फेरसुनावणीत निर्दोष सुटलेल्या माणसांची यादी काढावी. शिक्षा ज्या न्यायालयाने दिली, त्याच्याकडे वरचा निकाल येतोच. आमचे लोक काढून देतील. त्या यादीतून ज्यांनी वकीलपत्र घेतलं त्यांना बोलवावं. पण फक्त वकिलांना नको. पेपरबुक वाचायला बसलेली विधी महाविद्यालयाची पोरं असतात. दर तारखेला अडीचशे किलोमीटर येणारी बहीण असते, जिच्यामुळे फाइल बंद पडत नाही. आपलीच ओळख परेड नीट झाली नव्हती असं साक्षीत सरळ सांगणारा एखादा हवालदार असतो, आणि त्यानंतर त्याची बदली होते. त्याच्या सत्काराला यायला तो घाबरेल, पण बोलवा तरी.

मोठ्या नावांकडे धावू नका. न्यूयॉर्कला बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोघांनी १९९२ मध्ये इनोसन्स प्रोजेक्ट सुरू केलं, डीएनएच्या आधारे माणसं सोडवली, जगभर नाव झालं, चांगलंच केलं. तुमच्याकडे डीएनए नसेल, मुद्देमालाची बाटली कधीच फुटलेली असेल. तुमच्याकडे आहेत ते कागद. आणि ते किती दिवस आहेत, हाही प्रश्न आहे. आम्ही दरवर्षी अभिलेखांची निंदणी करतो. शेतात निंदणी करताना तण काढतात. आमच्याकडे मुदत संपली की कागद काढतात. माझ्या नोकरीत मी जे गठ्ठे नियमाप्रमाणे नाशासाठी बाहेर काढले, त्यात अशी शेपटीवाली सही आणखी कुठे होती का, हे मला आता कधीच कळणार नाही. म्हणून सत्काराच्या खर्चात कपात करून तो पैसा जेल अपिलातल्या नकलांच्या शुल्कावर आणि झेरॉक्सवर घालता आला तर बघा.

आणि सत्काराआधी ठराव. त्या दिवशी शाल घालण्यापूर्वी आपल्या संघाचं ठरावाचं रजिस्टर सभेत आणावं, 'वकीलपत्र घेणार नाही' असा जो जो ठराव असेल तो तारखेसह मोठ्याने वाचावा, त्या खटल्याचं पुढे काय झालं तेही वाचावं, आणि मग तो मागे घ्यावा. खाडाखोड करू नये. जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवा ठराव लिहावा. कागद नाहीसा करायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ज्या संघाविषयी वर लिहिलं, त्यांच्या हाती हे पत्र पडलंच तर एवढंच: तुमचं रजिस्टर बार रूममधल्या लोखंडी कपाटात, डावीकडच्या खालच्या कप्प्यात आहे, हिरव्या पुठ्ठ्याचं. कपाटाची किल्ली शिपायाकडे असते, अध्यक्षांकडे नसते. ती मुलगी अजून तुमच्याकडेच प्रॅक्टिस करते. खिडकीजवळचं टेबल, ज्याच्यावरचा पंखा चालत नाही. तिला शेंगांविषयी विचारा. त्या दिवशी तिने अर्ध्या शेंगा उकडून बार रूममध्ये आणल्या होत्या आणि तुम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, कुणाच्या म्हणून न विचारता.

आपला,
एक निवृत्त नक्कल कारकून